दोरीपलीकडची जागा

मिलिंद, तुझ्या अंत्यविधीला मी बोललो नाही. वर्षावहिनींनी विचारलं होतं, तुम्ही दोन शब्द बोलाल का म्हणून. मी म्हटलं, वहिनी, माझं त्याच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय, ते मिटायच्या आत मी त्याचं कौतुक करायला लागलो तर तो उठून बसेल. त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, असं त्यांच्या बहिणीने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणजे न बोलून मी काही वाईट केलं नाही.

आता बोलतो. सोमवारची संध्याकाळ आहे, चहा झालाय, आणि उजव्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलोय. खांद्याचं काय झालं ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर तू हसत सुटशील आणि पुढचं ऐकणार नाहीस. तुला पूर्ण ऐकून घ्यायची सवय नव्हतीच.

तू मला या भानगडीत ओढलंस ते आठवतं? ऑफिसच्या कँटीनमध्ये आपली ओळख होऊन महिनाही झाला नसेल. मी पुण्याचा, तू नागपूरचा, एवढ्या एका कारणावर आपण रोज एकमेकांची खेचत होतो. एक दिवस तू ट्रे ठेवता ठेवता म्हणालास, "तुझ्याकडे हॅन्डीकॅम आहे ना बे? रविवारी घेऊन ये." मला वाटलं तुझ्या मुलीचा वाढदिवस असेल. चांगला शर्ट घालून, पेढे घेऊन आलो. तू मला कौन्सिलच्या मैदानावर नेलंस, जिथे चिखलात पन्नासेक धिप्पाड माणसं हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर जात होती. अमेरिकन फुटबॉल. इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला. पेढे त्या लोकांनी दोन मिनिटांत संपवले आणि मी पुढची सगळी वर्षं तिथेच अडकलो.

खेळ तू मला तुझ्या पद्धतीने शिकवलास. अमेरिकेतल्या प्रोजेक्टवर असताना तुला त्याचं वेड लागलं होतं. म्हणालास, बाकी सगळं विसर, क्वार्टरबॅककडे बघ. तो बॉल घेऊन चार पावलं मागे जातो, आपले पाच पहिलवान त्याच्याभोवती भिंत धरतात, त्या भिंतीच्या आतल्या जागेला पॉकेट म्हणतात. ती भिंत पडायच्या आत त्याने लांब पळणाऱ्या आपल्या माणसाकडे बॉल फेकायचा. भिंत प्रत्येक वेळी पडतेच. प्रश्न एवढाच, की ती पडत असताना हा माणूस काय करतो.

आपला क्वार्टरबॅक म्हणजे समीर. कॉव्हेंट्रीचा, आजोबा तिथल्या कारखान्यात आले होते, हा तिथेच जन्मला, तिथेच टाइल्सच्या दुकानात कामाला. आठवड्यातून दोनदा गाडी हाणत प्रॅक्टिसला यायचा. टीमचा मुख्य कोच टेरी. त्याने समीरला आपल्या दोघांच्या ताब्यात दिलं, कारण त्याला वाटलं हे तिघं आपापसांत काहीतरी वेगळ्या भाषेत बोलतात, म्हणजे यांचं जमत असणार. आपलं किती जमत होतं ते त्याला मराठी येत नसल्यामुळे कळलं नाही.

या सीझनला समीरचं बिनसलं. बॉल उंच जायला लागले. धावणाऱ्याच्या डोक्यावरून, कधी पार मागे, कधी थेट दुसऱ्या टीमच्या हातात. मी माझी जागा धरून शूटिंग करायचो. समीरच्या पाठीमागे, बरोबर त्याच्या हाताच्या रेषेत. मी लहानपणापासून क्रिकेट असंच बघितलंय, गोलंदाजाच्या हातामागून. बॉल कुठून सुटला, किती वळला, कुठे पडला, सगळं तिथून दिसतं. घरी टीव्हीला जोडून मी एकेक फेक थांबवून बघायचो. कोपर खाली राहतंय. बोटं बॉलच्या शिवणीवर उशिरा बसतात. खांदा लवकर उघडतोय. मी तुला सगळं पुराव्यानिशी दाखवायचो आणि तू चिवडा खात म्हणायचास, "पोट्ट्याचा हात चांगला आहे बे. तू चुकीच्या बाजूला उभा आहेस."

तुझी जागा ठरलेली. मॅच सुरू झाली की कोचेसच्या घोळक्यातून निघायचं, मैदानाभोवतीच्या दोरीच्या बाहेरून चालत पार समोरच्या टोकाला जायचं आणि कोपऱ्यात उभं राहायचं. चारपैकी एक क्वार्टर संपला, टीमची दिशा बदलली, की पुन्हा चालत दुसऱ्या टोकाला. टेरीला वाटायचं तू सिगरेट ओढायला जातोस. तू तिथून समीरकडे तोंड करून बघायचास. एवढ्या लांबून हेल्मेटच्या जाळीतले डोळे दिसत नाहीत, असं मी म्हटलं की तू म्हणायचास, "डोळे नाही दिसत, हेल्मेट तर दिसते ना. भिंत हलली की हेल्मेट खाली वळते. पोट्टा अंगावर येणाऱ्या लोकांना पाहून राहिला. ज्याला बॉल द्यायचा त्याला पाहतच नाही. पाय नाचून राहिले. नाचत्या पायावर कोणाचाही बॉल उंच जाईल."

आणि ही गोष्ट खरी होती, की प्रॅक्टिसला कोणी अंगावर येत नसलं की समीर लांबच्या गोलपोस्टला टांगलेल्या टायरमधून बॉल आरपार काढायचा. मला ते मान्य होतं. माझं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. कोपर सुधारता येतं, मिलिंद, पण भीती सुधारता येत नाही. थंड डोकं माणूस येताना घेऊन येतो. ज्याच्याकडे नाही त्याला बाकावर बसवावं आणि ज्याच्याकडे आहे त्याला खेळवावं. क्रेग होता ना आपला, रग्बीवाला. त्याचा हात साधाच, पण अंगावर भिंत कोसळली तरी जांभई देईल असा माणूस.

यावर तू जे केलंस ते फक्त तूच करू जाणे. मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या सुट्टीला कॉव्हेंट्रीत मराठी मंडळाचं महाराष्ट्र दिनाचं जेवण होतं. दरवर्षी बुफे असतो, पण यंदा कोणाच्या तरी डोक्यात आलं की पंगत मांडायची. स्पोर्ट्स सेंटरचा हॉल, जमिनीवर सतरंज्या, कागदी पत्रावळ्या, आणि एकदम शंभर माणसं खाली बसलेली. तू समीरच्या हातात वरणाची बादली दिलीस.

बिचाऱ्याने आयुष्यात पंगत बघितली नव्हती. एक काका ओरडले, इकडे वरण, तो तिकडे धावला. पलीकडून कोणी म्हणालं, अरे इथे भात कोरडा आहे, तो वळला. मागून पुरीवाला आला, त्याला चुकवायला गेला आणि देशपांडे आजींच्या जिलबीवर पळीभर वरण. आजी सदाशिव पेठेतून थेट कॉव्हेंट्रीला आलेल्या. त्यांनी जिलबीकडे बघितलं, समीरकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बाळ, तुला कोणी धरून आणलंय का?" मी भाजीचं पातेलं खाली ठेवून हसत होतो. समीर घामाघूम. बादली टेकवून निघून जाणार होता, मी बघितलं ते.

तू त्याच्या समोर जाऊन उभा राहिलास. पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला. रागावला नाहीस. फक्त तळहात पोटापुढे उताणा धरलास, पान असल्यासारखा. म्हणालास, "मागे कोण येऊन राहिला ते तुझं काम नाही. ओरडणाऱ्याकडे पाहू नको. पानाकडे पाहा. या पानाचा भात कोरडा आहे का? आहे तर वाढ. नाही तर पुढचं पान. चालत ये माझ्यापर्यंत."

तो आला. पहिली रांग कशीबशी, दुसरी बरी, तिसऱ्या रांगेत त्याच्या पाठीला दोन पोरं धडकून गेली तरी पळी हलली नाही. शेवटच्या पानाशी तो पोचला तेव्हा तू अजून हात पुढे धरून उभा होतास. त्याने गंमत म्हणून तुझ्या तळहातावर थेंबभर वरण वाढलं आणि तू ते चाटलंस. शी. पण ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मी गाडीत म्हटलं, वरण वाढणं वेगळं आणि सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येणं वेगळं. तू म्हणालास, "देशपांडे आजीला तू वाढून पाहा, मग बोल."

त्यानंतर मॅचमध्येसुद्धा तू दोरीपलीकडे तो हात धरून उभा राहायला लागलास. मला ते नाटक वाटायचं. वेडं दिसायचं, खरंच. येणारीजाणारी इंग्लिश माणसं, कुत्री फिरवणारी, तुझ्या हातात बिस्किट द्यायचा विचार करत असतील असं मी तुला म्हणायचो. आणि समीरचे बॉल अजून उंचच जात होते. कमी जात होते, असं तू म्हणायचास. माझ्या टेपवर तरी फरक दिसत नव्हता.

शेवटचं भांडण मला शब्दन् शब्द आठवतं. मॅच हरून आपण तुझ्या गाडीतून घरी येत होतो. वाद रंगला की तुझं एक्झिट चुकायचं आणि तू राउंडअबाउटच्या गोल चौकाला पूर्ण दुसरी फेरी मारायचास. त्या दिवशी एकाच राउंडअबाउटला तू तीन फेऱ्या मारल्यास, आणि मागचा व्हॅनवाला हॉर्न वाजवत राहिला. मी म्हणत होतो, पुढच्या मॅचला क्रेग. तू म्हणत होतास, आत्ता समीरला बसवलं तर तो परत उभा राहणार नाही. मी म्हटलं, हे कोचिंग आहे, समाजसेवा नाही. तू लगेच बरोबर एक्झिट घेतलंस. माझ्या दाराशी गाडी थांबवून म्हणालास, "असं कर. पुढच्या मॅचला जागा बदलू. तू माझ्या टोकाला उभा राहा, मी तुझा कॅमेरा धरतो. मग सांग क्रेग का समीर. तू सांगशील ते मी टेरीला सांगीन." मी म्हटलं, ठरलं. तू खिडकीतून हात काढलास आणि गेलास.

गुरुवारी वर्षावहिनींचा फोन आला.

त्याबद्दल मी काही बोलणार नाही. फक्त एवढं की पहिले काही तास मला तुझा राग आला होता. ठरलं म्हटल्यावर ठरलेलं असतं. वाद मध्येच टाकून जायची ही कुठली पद्धत. मी उगाच गाडी काढून बाहेर पडलो, त्या राउंडअबाउटला गेलो आणि फेऱ्या मारत राहिलो. कितीतरी वेळ. मग कडेला थांबून रडलो. हे मी घरी सांगितलेलं नाही, तुला सांगतोय.

अंत्यविधीला सगळी टीम आली होती. ती एवढाली माणसं सुटात अवघडून उभी होती. समीर मला कार पार्कमध्ये भेटला. म्हणाला, "काका, मी आता नाही खेळणार. क्रेगला द्या. माझी खेळ काय ठीक होत नाय, and now what's the point." त्याच्या मराठीला तू कधी हसला नाहीस, मीही हसलो नाही. मला खरं तर हेच हवं होतं ना, क्रेग. सहा आठवडे मी त्यासाठी घसा कोरडा केला होता. आणि ते आयतं समोर आल्यावर तोंडातून हो निघेना. मी म्हटलं, "रविवारी ये. माझं आणि मिलिंदकाकाचं काहीतरी ठरलंय. ते होऊ दे, मग तुझं तू ठरव." टेरीलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "Your call, mate." क्रेग वॉर्म-अप करून तयार राहणार होता.

म्हणजे काल.

कॅमेरा तुला धरायचा होता. मी तो स्टँडवर लावला, माझ्या नेहमीच्या जागी, आणि चालू करून सोडून दिला. मग दोरीच्या बाहेरून चालत निघालो. ते अंतर किती आहे, मिलिंद. घोळक्यात उभं असताना कळत नाही. बुटात पाणी गेलं. टेरीने मागून विचारलं, कुठे निघालास, मी म्हटलं, सिगरेट ओढायला.

तुझ्या कोपऱ्यात उभा राहिलो, हाताची घडी घालून. पहिल्याच डावाला समीर मागे सरकला, भिंत हलली आणि मला ते दिसलं. हेल्मेट खाली वळलं. अगदी तू म्हणायचास तसं. पाय नाचायला लागले. बॉल उंच. तीन वर्षं मी त्याच्या पाठीमागून कोपर बघत होतो आणि इकडे समोर पोराच्या सगळ्या अंगावर भीती लिहिलेली होती. बरं बाबा, हे तुझं.

पण दुसरी एक गोष्ट दिसली, ती तू मला कधी सांगितली नव्हतीस. तुला तरी माहीत होती का, कोण जाणे. डाव सुरू व्हायच्या आधी, हात बॉलसाठी पुढे करण्याआधी, समीर मान वर करून या कोपऱ्याकडे बघतो. क्षणभरच. तो मला बघत होता. म्हणजे मला नाही. तुझ्या जागेकडे. आणि तिथे हाताची घडी घातलेला एक पुणेकर उभा होता.

पुढच्या डावाला त्यांच्यातल्या एकाने त्याला मागून येऊन आडवा केला. तो उठला, हेल्मेटमधला चिखल काढला. टेरी माझ्या दिशेने हात हलवून विचारत होता, क्रेग? क्रेग उड्या मारत तयार होता. मी टेरीला हाताने थांब म्हटलं. समीर जागेवर आला आणि त्याने मान वर केली.

मी हात पुढे केला. पोटापुढे, उताणा.

कुत्रं घेऊन एक बाई माझ्या मागून गेल्या. लाज वाटली म्हणशील तर नाही वाटली. समीर आधीच्यापेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिला. मग बॉल घेतला, मागे सरकला. भिंत पडायला लागली, डावीकडून एक जण सुटून आला, आणि हेल्मेट वरच राहिलं. पाय जागेवर. त्याने पहिला माणूस बघितला, तो अडकलेला होता. दुसरा बघितला, तोही. कोणाचा भात कोरडा आहे, ते तो बघत होता, मिलिंद, मी शपथेवर सांगतो. तिसरा मोकळा होता. धक्का बसता बसता त्याने बॉल सोडला आणि तो सरळ, छातीच्या उंचीवर, जिथे जायला हवा तिथे गेला.

आणि आपल्या माणसाच्या हातातून निसटून चिखलात पडला.

सगळी टीम कपाळाला हात लावून उभी, आणि मी तिकडे कोपऱ्यात एकटाच नाचत होतो. समीर उताणा पडला होता. त्याने पडल्या पडल्या या टोकाकडे बघितलं आणि अंगठा वर केला.

आपण हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. समीर शेवटपर्यंत खेळला. क्रेगची मी माफी मागितली, तो म्हणाला आपल्याला घरी रविवारचं रोस्टचं जेवण आहे, काही प्रॉब्लेम नाही. समीर हेल्मेट काढून माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, बॉल पडली. पण मी नाय घाबरला." मी म्हटलं, बघितलं मी. मग तो विचारतो, "तुम्ही उभा राहणार ना तिथे?" मी म्हटलं, आधी कोपर वर घे, दोन बॉल अजून उंच गेलेत. तो हसत गेला. गुरुवारी प्रॅक्टिसला येतोय.

रात्री घरी टेप बघितली. माझ्या कॅमेऱ्यातून तो बॉल म्हणजे नुसता पडलेला बॉल आहे. एक माणूस फेकतो, एक माणूस सोडतो, बस. त्यात काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी स्टँड तुझ्या कोपऱ्यात लावावा का, असा विचार केला आणि सोडून दिला. कॅमेऱ्याला हात पुढे धरता येत नाही.

तेव्हा ठरल्याप्रमाणे माझं उत्तर. समीर. तू टेरीला सांगणार होतास, ते मीच सांगितलं. थंड डोकं शिकवता येतं, हेही लिहून देतो. पण कोपराचं माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही, ते नोंद असू दे. वर्षावहिनींना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, वरणाचं ते खरं होतं? तो घरी येऊन सांगत होता, मला वाटलं थापा मारतोय. मी म्हटलं, वहिनी, अक्षरशः चाटलं त्याने. त्या खूप वेळ हसत होत्या.

आता खांद्याचं. मॅचभर हात पुढे धरून उभं राहिलं, की तो खांद्यापासून भरून येतो. क्वार्टर संपला की वाटतं आता जरा सोडावा, आणि नेमका तेव्हाच पोरगा मान वर करतो. मग धरावाच लागतो. तू पन्नाशीला आलेला माणूस, पंगतीनंतरची प्रत्येक मॅच असा उभा राहिलास, घरी येताना एका हाताने गाडी चालवायचास, मला वाटायचं स्टाइल मारतोय. दुखतंय म्हणून एकदाही बोलला नाहीस.